करू देणारे

पावाच्या रांगेत ती उभी होती. हातात कापडी पिशवी, आणि आज बैठकीत काय बोलायचं याची मनाशी जुळवाजुळव. तेवढ्यात एक बुटकीशी बाई रांग सोडून सरळ तिच्यासमोर आली आणि काही न बोलता तिनं तिच्या थोबाडीत दिली. फार जोराची नव्हती. मारायची सवय नसलेल्या हाताची होती. पण बोटं कानशिलावर बसली आणि एका कानात बारीक शिट्टी वाजायला लागली. त्या शिट्टीतूनच तिला पुढचं ऐकू आलं. "माझा मुलगा काल गेला. पुलापाशी. तुम्ही एका शब्दावर अडून बसलात म्हणून." थोबाडीत मारून झाल्यावर बाई अहोजाहो करत होती. बाईचे डोळे सुजलेले होते आणि केस मात्र चापूनचोपून विंचरलेले. दुसऱ्या कुणीतरी विंचरून दिले असावेत. रांगेतली माणसं इकडेतिकडे बघायला लागली. "जाऊ द्या हो," असं मागून कुणीतरी म्हणालं, ते कुणाला म्हणालं ते कळलं नाही. पाववाल्यानं ब्याद टळावी म्हणून तिला नंबर नसताना आधी पाव दिला. तिनं तो घेतला, पिशवीत टाकला आणि चालायला लागली. गल्लीच्या कोपऱ्यावर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण त्या बाईला एक शब्दही बोललो नाही, पाव मात्र घेतला. गालावर चार बोटं उमटली असणार. ती पुसून टाकावीत तसा तिनं गाल चोळला, आणि चोळल्यानं तो आणखीच पेटला.

शब्द एकच होता, हे खरं. दोन शब्द म्हणा फार तर. करू देणारे. गावाचे पुलानं दोन तुकडे झाले होते. अलीकडे सरकारची फौज, पलीकडे टेकडीवाले बंडखोर, आणि मधल्या पुलावर रोज कुणाचं तरी पोरगं मरत होतं. जुन्या हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये तहाची बोलणी चालली होती. तिथं टेबलाभोवती बसलेल्यांत ती एकटीच बाई. तिला घेतलं होतं ते ती पाणीपुरवठ्याची इंजिनीअर होती म्हणून. गेल्या उन्हाळ्यात गावाचे नळ कोरडे पडले, तेव्हा दोन्हीकडच्यांना फोन करकरून तिनं गोळीबार थांबवला होता आणि स्वतः टेकडीखालच्या पंपघरात जाऊन मोटर दुरुस्त केली होती. वर्तमानपत्रात फोटो आला. पुढं बाहेरच्या देशांनी सांगितलं, बोलणी करायची तर टेबलाशी एक तरी बाई हवी. मंत्र्यांना तो फोटो आठवला. बसेल बिचारी, चहा घेईल, सही करेल, असा सगळ्यांचा अंदाज. शिवाय टेकडीवाल्यांचा म्होरक्या तिचा सख्खा थोरला भाऊ. तेवढाच एक दुवा. लहानपणापासून ती त्याला दादा म्हणायची. आता सगळी टेकडी त्याला दादा म्हणत होती, पन्नाशीची दाढीवाली माणसंसुद्धा. आपल्या घरातला शब्द कुणीतरी उचलून नेला आणि बंदुकीच्या दस्त्यावर कोरला, असं तिला वाटायचं.

तहाच्या मसुद्यात एक कलम तिनं घालायला लावलं होतं. स्त्रियांवर अत्याचार करणारे, करवणारे आणि करू देणारे यांना माफी नाही. त्यांची नावं निर्बंधांच्या यादीत जातील, जगात कुठंही त्यांचं खातं उघडणार नाही, त्यांना देशाबाहेर पाऊल टाकता येणार नाही, त्यांना कुणी शस्त्रं किंवा इंधन विकणार नाही, आणि बोलावणं येईल तेव्हा कोर्टापुढं उभं राहावं लागेल. करणारे यावर कुणाची हरकत नव्हती. करणारी पोरं कुठल्याही बाजूला मूठभर सापडतात, ती देऊन टाकता येतात. करवणारे यावर कुरकुर झाली आणि मिटली. असा हुकूम कुणी तोंडानं देतच नाही. पण करू देणारे म्हटल्यावर हॉलमधल्या खुर्च्या करकरल्या. टेकडीकडून निरोप आला: तो शब्द काढा, दादा आजच्या आज सही करतील.

रस्त्याच्या कडेला वाळूची पोती रचलेली होती. त्यांच्या आडोशानं चालताना तिच्या डोळ्यांपुढं खडी आली. शाळेच्या मागच्या रस्त्यावरची खडी. ती तेव्हा लहान होती, दोन वेण्या घालायची, आणि एका मुलानं तिची एक वेणी ओढून तिला नालीत पाडलं होतं. दादानं त्या मुलाला गाठलं. मारलं नाही. मानेला धरून त्याचं तोंड खडीत दाबलं आणि सावकाश घासलं, पेन्सिलीला टोक करावं तसं. तिला समोर उभं केलं होतं. मधेच मान वर करून त्यानं अगदी मायेनं विचारलं, "छोटे, पुरे?" मुलाच्या नाकातून रक्त आणि शेंबूड एकत्र येत होतं. आणि ती लगेच पुरे म्हणाली नव्हती. पोटात काहीतरी गोड, गरम असं पसरलं होतं; आपल्यासाठी कुणीतरी हे करतं आहे. तो गोडवा संपेपर्यंत ती गप्प राहिली, मग म्हणाली, पुरे. घरी जाताना दादानं तिला पाठीवर घेतलं. त्याच्या शर्टाला घामाचा आणि धुळीचा वास होता. जगातला सगळ्यात सुरक्षित वास. पुढं कितीतरी वर्षं, घाबरली की तिला तो वास आठवायचा आणि झोप लागायची.

पंपघरातही तोच वास आला होता. पांढरं फडकं काठीला लावून ती आणि एक फिटर टेकडीखाली गेले, तेव्हा दादा स्वतः दारात उभा होता. त्यानं तिला जवळ घेतलं, चहा मागवला. म्हणाला, "वाळलीस. आई कशी आहे?" मोटरचं बेअरिंग गेलं होतं. ते बदलताना तिचे हात ग्रीसनं माखले, आणि किती दिवसांनी काहीतरी आपल्या हातानं नीट होतंय म्हणून ती खूष होती. मोटर सुरू झाली. जुनं धूड; जमीन हादरायची, बोललेलं ऐकू यायचं नाही. तिनं दादाच्या कानाशी ओरडून सांगितलं की हिला दिवसातून थोडी विश्रांती द्या, सतत चालली तर तापेल. तो हसला. "चालू दे. बंद करायची नाही. लोकांना पाणी नको का?" गाळणीच्या खोलीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. तिनं विचारलं, आत कोण आहे? "आसऱ्याला आलेल्या बायका आहेत," तो म्हणाला. तिनं कुलूप पाहिलं होतं. आसऱ्याला आलेल्यांना बाहेरून कुलूप कशाला, हा प्रश्न तिच्या मनात आलाही असेल, पण मोटरचा आवाज एवढा होता, चहा एवढा गरम होता, आणि दादानं तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. घरी येऊन तिनं आईला अभिमानानं सांगितलं होतं: दादा मोटर बंदच करू देत नाही, गावाला पाणी मिळावं म्हणून.

मग हिवाळ्यात एक बाई तिच्या ऑफिसात आली. शिवणकाम करणारी, सुई टोचू नये म्हणून घालतात ते अंगुस्तान अजून बोटाला होतं, काढायचं विसरली होती. तक्रार विचित्र होती. "आमच्या गल्लीतली मोटर बंद करा." नळाला पाणी येत नाही म्हणून भांडणारी माणसं रोज यायची, येतं म्हणून तक्रार करणारी हीच पहिली. तिनं हसून विचारलं, का हो? शिवणवालीनं दार बंद आहे का ते पाहिलं, मग खुर्चीवर बसली आणि टेबलाच्या कडेकडे बघत बोलायला लागली. टेकडीखालच्या पंपघरात, गाळणीच्या खोलीत, तिच्यासारख्या बऱ्याच जणी कोंडलेल्या होत्या. तिथली मोटर बिघडलेली होती तोवर ते लोक जरा बिचकून असायचे. बायकांचा आवाज नदीपलीकडे जातो ना. मग कुणीतरी येऊन मोटर दुरुस्त करून गेलं. त्यानंतर कुणाला बिचकायचं कारणच राहिलं नाही. "आता कुठंही मोटर सुरू झाली की मला आधी दाराकडं बघावं लागतं," शिवणवाली म्हणाली. "शिवता येत नाही. सुई बोटात जाते." मग तिनं एका मुलीबद्दल सांगितलं, जिनं काचेच्या तुकड्यानं स्वतःचा गळा कापून घेतला होता, आणि तिला उचलून नेताना दादा दारात उभा होता, तोंड फिरवून सिगारेट ओढत. "त्यानं आम्हाला हात नाही लावला. एकदासुद्धा नाही. तो फक्त दारात असायचा." इंजिनीअरबाई ऐकत होती आणि आपल्या हातांकडं बघत होती. नखांच्या कडेला ग्रीस काळं बसतं, ते कधी पूर्ण जात नाही. त्या संध्याकाळी ती न्हाणीघरात बसून ब्रशनं बोटं घासत राहिली. रक्त यायला लागलं तरी घासत राहिली, आणि आई बाहेरून विचारत राहिली, "अगं, एवढा वेळ काय करतेस?"

हॉटेलच्या हॉलमध्ये ती पोचली तेव्हा सगळे येऊन बसले होते. मध्यस्थ म्हणून आलेले म्हातारे जजसाहेब, सरकारी मंत्री, आणि टेकडीवाल्यांचा वकील, नेहमीप्रमाणे कडक इस्त्रीत. कुणीतरी तिच्या गालाकडं पाहिलं आणि नजर वळवली. जजसाहेबांनी चष्मा पुसला. "बाई, आज आपण मोकळेपणानं बोलू या. काल पुलावर तिघं गेले."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. कानातली शिट्टी अजून थांबली नव्हती.

मंत्री पुढं झुकले. "तुमच्या भावना आम्हाला कळतात. पण आधी बंदुका थांबू देत. बायकांचं नंतर बघू. शांतता झाली की त्यासाठी वेगळी समिती नेमू, तुम्हीच अध्यक्ष व्हा."

"नंतर म्हणजे कधी?"

"नंतर म्हणजे नंतर."

वकिलानं घसा साफ केला. "मी एक कायद्याचा मुद्दा मांडतो, राग मानू नका. करू देणारे म्हणजे कोण? ज्याला ठाऊक होतं, किंवा ठाऊक असायला हवं होतं, तो. बरोबर? मग बाई, पंपघरातली मोटर कुणी दुरुस्त केली? तिथं चहा कोण प्यायलं? तो शब्द राहिला तर पहिली तुमची चौकशी होईल. तुमच्या हितासाठी सांगतो."

हे कधीतरी येणार हे तिला ठाऊक होतं, त्यासाठी तिनं मनात लांबलचक उत्तरं तयार ठेवली होती, पण आता त्यातलं एकही आठवेना. तिला फक्त तो गरम चहा आठवला, घशातून उतरताना किती बरं वाटलं होतं ते.

"होऊ दे चौकशी," ती म्हणाली. "माझंही नाव घाला. शब्द राहील."

"आणि उद्या पुलावर जे मरतील ते?" मंत्र्यांचा आवाज चढला.

शब्द काढला तर मरणं थांबतील, आणि त्या बायका आपापल्या गल्लीत, त्याच माणसांना येताजाता बघत जगतील, आणि त्याला सगळे शांतता म्हणतील. शब्द ठेवला तर आणखी एखादी बाई पावाच्या रांगेत विंचरलेल्या केसांनी उभी राहील. हे दोन्ही ती एकाच डोक्यात धरून बसली होती आणि डोकं फुटत नव्हतं, याचंच तिला नवल वाटत होतं. शेवटी वकील उठून तिच्या खुर्चीपाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा आलेत. खाली. तुमच्या एकटीशी बोलायचंय म्हणतात."

खाली हॉटेलची धुलाईची खोली होती. इस्त्रीच्या चादरींचे ढीग, वाफ, आणि त्या ढिगांमध्ये खुर्ची टाकून बसलेला दादा. त्याचे केस पिकले होते. तिला वाटलं होतं आपल्याला राग येईल. राग आला नाही, आधी त्याच्या मळलेल्या कॉलरकडं लक्ष गेलं.

"गालाला काय झालं?" त्यानं विचारलं.

"एका बाईनं मारलं. तिचा मुलगा गेला पुलावर."

"कोण बाई? कुठं राहते?"

"दादा, पुरे."

तो हसला. मग म्हणाला, "छोटे, मी कुणाला हात लावलाय का? आईची शपथ घेऊन सांगतो. पोरं तरणी, घरापासून लांब, रोज मरायला उभी. कुठवर आवरायची? मी त्यांना आवरलं असतं तर त्यांनी मलाच आवरलं असतं."

"मोटर बंद करायची नाही, हे कुणी सांगितलं?"

त्यानं शेजारच्या चादरीची घडी सरळ केली.

"मी तुला सांगितलं होतं, तापेल. तू म्हणालास, लोकांना पाणी नको का."

"पाणी मिळालं ना लोकांना?"

"मिळालं."

"मग?" तो उठला. "आई माझी वाट बघते. मला घरी यायचंय. तो शब्द काढ."

"नाही."

त्यानं तिचा उजवा हात हातात घेतला. लहानपणी रस्ता ओलांडताना घ्यायचा तसाच. तिला दारापर्यंत नेलं, तिची बोटं चौकटीवर बिजागरीच्या बाजूला नीट ठेवली आणि दार ओढलं. घाई नव्हती त्यात. पहिल्यांदा कातडी सोलली, मग हाडाचा आवाज झाला, ओली काटकी मोडावी तसा, आणि तो आवाज तिला कानानं नाही, दातांत ऐकू आला. खोली पांढरी झाली. दार तसंच धरून तो तिच्या तोंडाकडं बघत होता, वाट बघत होता. तिला कळलं तो कशाची वाट बघतोय. खडीपाशी ती म्हणाली होती तोच एक शब्द. तिनं खालचा ओठ दातांत धरला, तोंडात रक्ताची चव आली, ती एका बाजूला कलली, चादरींचा ढीग तिच्या खांद्याला लागून खाली कोसळला. ती बोलली नाही. बराच वेळ गेला, किंवा अगदी थोडा. दार सैल झालं. दादा घामानं निथळत होता आणि त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसत होता. "कागद आहे नुसता," तो म्हणाला. "कागदानं कुणाचं काय झालंय आजवर?"

ती वर आली, खुर्चीवर बसली आणि हात टेबलावर ठेवला. लपवायचा की नाही याचा विचार करण्याइतकी शक्तीच नव्हती. बोटं वाकडी झाली होती आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर डाग हळूहळू मोठा होत होता. मंत्र्यांनी पाण्याचा ग्लास थोडा बाजूला सरकवला. जजसाहेबांनी एकदा हाताकडं, एकदा वकिलाकडं पाहिलं. "मसुद्यात काही बदल?" त्यांनी विचारलं. "नाही," ती म्हणाली. वकील बाहेर गेला, खूप वेळानं आला आणि कुणाकडंही न बघता म्हणाला, "दादा सही करतील. आहे तसं." पुढं कुणी म्हणालं की बाईचा हात पाहून जजसाहेबांनी खाली जाऊन दम भरला, कुणी म्हणालं टेकडीवरचं डिझेल संपत आलं होतं. तिला डिझेलचं पटलं. तिनं डाव्या हातानं सही केली, लहान मुलानं गिरवल्यासारखी.

घरी आई दारातच उभी होती. रेडिओवर ऐकलं होतं तिनं. "सही झाली ना? मग आता येईल ना तो?" मग तिचं लक्ष प्लास्टरकडं गेलं. "हे कशानं?"

"दादानं केलं."

"दारात सापडला असेल," आई म्हणाली.

"हो, दारातच. त्यानं धरून ठेवलं होतं."

आई आत गेली आणि भावाच्या पलंगावरची चादर बदलायला लागली. रोज बदलायची. ती तिच्या मागोमाग गेली आणि दाराशी उभं राहून तिनं सगळं सांगितलं: कुलूप, मोटर, शिवणवाली, काच, सिगारेट. वकिलासमोर, जजांसमोर कलमांच्या भाषेत बोलली होती, आता घरच्या भाषेत बोलावं लागत होतं आणि त्या भाषेत हे शब्दच नव्हते, फार जपून जुळवावे लागत होते. आई चादरीच्या सुरकुत्या काढत राहिली. बोलणं संपलं तरी काढत राहिली. मग म्हणाली, "तुला भूक लागली असेल." फक्त पलंगावरची चादर त्यानंतर बदलली नाही.

पुलावरचा गोळीबार थांबला. लोक पुलावर चालायला जायला लागले, उगाचच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका दुपारी शिवणवाली घरी आली. साक्ष नोंदवून आली होती, तिच्याबरोबर आणखी पाचसहा जणींनीही नोंदवली होती. चहा घेताना तिनं विचारलं, "ताई, त्याला देशाबाहेर जाता येणार नाही ना आता?"

"नाही. कुठल्याच देशात नाही."

शिवणवालीनं कप खाली ठेवला. "म्हणजे इथंच राहणार."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढ्या बैठका, एवढी कलमं, जगाची दारं एकेक करून बंद करताना आत कोण कोण कोंडलं जातंय, हे तिनं मोजलंच नव्हतं. "कोर्ट बोलावेल," ती म्हणाली. "कधी ते सांगता येत नाही. पण बोलावेल."

"तोवर?"

तिनं डाव्या हातानं शिवणवालीच्या कपात आणखी चहा ओतला. शिवणवाली खिडकीतून रस्त्याकडं बघत म्हणाली, "बरं. निदान नाव तरी आहे कागदावर. आजवर ते दिसले की मान मी खाली घालायची." आणि पदरानं तोंड पुसून निघून गेली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

तो आला तो असाच एका टळटळीत दुपारी. त्याच्या पावलांचा जिन्यावरचा आवाज दोघींनी ओळखला; लहानपणापासून तो एकेक पायरी गाळून चढायचा. प्लास्टरच्या आत बोटं ठणकायला लागली. तिनं दाराकडं पाहिलं. कडी नव्हती लावलेली. ती उठणार, त्याआधी आई उठली. आई भराभर चालत दारापाशी गेली, आणि तिला वाटलं, झालं, आता उघडणार. इतकी वर्षं वाट पाहिली, आता दार उघडणार, त्याला पोटाशी धरणार, जेवायला वाढणार, आणि आपण या घरात त्याच्यासमोर बसून घास गिळणार. आईनं कडी लावली. वरची खिट्टी सरकवली. मग दोन्ही तळवे दारावर टेकवून उभी राहिली.

"आई," बाहेरून हाक आली. दार हललं. "आई, मी आहे."

आईच्या पाठीवरचे मणके लुगड्यातून दिसत होते. ती थरथरत होती, सबंध, पायांपासून.

"आई, उघड गं." आता मूठ बसली दारावर, मग खांदा. चौकटीतून चुन्याची धूळ गळली. वरच्या मजल्यावरचं कुणीतरी दार उघडून पुन्हा बंद करून घेतलं. "मला ठाऊक आहे तू आत आहेस. आई!" एक लाथ बसली, खिट्टीचा एक स्क्रू अर्धा बाहेर आला. ती धावत जाऊन आईच्या शेजारी दाराला खांदा लावून उभी राहिली. दाराच्या त्या बाजूला त्याचा श्वास ऐकू येत होता, धापा टाकल्यासारखा, आणि या बाजूला आईचा, अगदी तसाच.

मग आईनं तोंड दाराच्या फळीशी नेलं. तिचा आवाज स्वच्छ होता, मुळीच कापरा नव्हता.

"आई घरात नाही," आई म्हणाली.